मोरचुदापासून आरएनएपर्यंत

शेतीचा इतिहास आपण बहुधा नांगर, पाटबंधारे आणि शेतसारा यांच्या अंगाने लिहितो. पिकांच्या रोगांचा इतिहास उपेक्षित राहतो. वास्तविक दमणगंगेच्या खोऱ्यातील वारली, कोकणा शेतकऱ्याच्या कणगीत किती धान्य पडणार, हे पावसाप्रमाणेच भात-नागलीवरील करप्यावरही ठरते. करपा हा बुरशीचा रोग.

बुरशीविरुद्धच्या लढ्याचे पहिले मोठे पान योगायोगाने लिहिले गेले. १८८२ साली फ्रान्समधील बोर्डो परिसरात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले, की रस्त्याकडेच्या द्राक्षवेली केवडा रोगातून वाचल्या आहेत. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद व चुना शिंपडला होता! त्यातून १८८५ मध्ये जाहीर झालेले बोर्डो मिश्रण नाशिकच्या बागायतदारांना आजही परिचित आहे. पुढे नवनवी बुरशीनाशके आली. परंतु कालांतराने बुरशी त्यांतील अनेकांना दाद देईनाशी झाली.

दुसरे पानही योगायोगाचेच. १९९० मध्ये अमेरिकेत पिटुनियाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी त्यात रंगाचे जादा जनुक घातले, तर काही फुले पांढरीशुभ्र निघाली. जादा जनुकाने मूळ जनुकालाही मुके केले होते. असे का होते, याचा उलगडा फायर व मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीवरील प्रयोगांतून केला. पेशीत दुपदरी आरएनए शिरला, की त्याच्याशी जुळणारा जनुकाचा निरोप पेशी स्वतःच कापून टाकते. या शोधाला २००६ चे नोबेल मिळाले.

बुरशीला मात्र ही युक्ती आधीच अवगत होती! करड्या बुरशीचे सूक्ष्म आरएनए वनस्पतीत शिरून तिची प्रतिकारशक्ती मुकी करतात, हे २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील हायलिंग जिन यांच्या गटाने दाखविले. मग शत्रूचे शस्त्र शत्रूवरच उलटले. २०१६ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे बार्लीच्या पानांवर आरएनए फवारून फ्युजेरियम बुरशीची वाढ रोखण्यात आली.

तथापि सर्व बुरशी सारख्या नसतात. २०२१ च्या प्रयोगांत भाताच्या पर्णकोष करप्याच्या बुरशीने आरएनए सहज शोषला; आंब्याच्या करप्याच्या बुरशीने मुळीच नाही. शिवाय उघडा आरएनए पानावर फार काळ टिकत नाही. मग आमच्या आषाढ-श्रावणाच्या झडीत त्याचा निभाव कसा लागावा?

द्राक्षासारख्या पैशाच्या पिकासाठी संशोधनाला धनी मिळतो. डोंगरउतारावरच्या नागलीसाठी तो कोण होणार, यावर या इतिहासाचे पुढचे पान अवलंबून आहे.