आवाजाची साक्ष : बेसबॉलचे निवेदक

अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात ऑगस्ट १९२१ चा पहिला आठवडा लक्षणीय आहे. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू सट्टेबाजांशी संगनमत करून सिनसिनाटी रेड्सकडून मुद्दाम हरले, असा आरोप होता. २ ऑगस्टला ज्यूरीने त्यांपैकी खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष सोडले. ३ ऑगस्टला बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांवर कायमची बंदी घातली. आणि ५ ऑगस्टला पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरॉल्ड आर्लिन यांनी व्यावसायिक बेसबॉलचे पहिले धावते वर्णन नभोवाणीवर ऐकवले.

हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. १९१९ मध्ये हजारो प्रेक्षकांनी सामने प्रत्यक्ष पाहिले. तरीही काय घडते आहे, हे त्यांना उमगले नाही. जो जॅक्सनने पाच हजार डॉलर घेतल्याची कबुली पुढे दिली, पण त्याच मालिकेत त्याचे बारा यशस्वी फटके होते. बक वीव्हरने पैसे घेतले नाहीत, मात्र कट ठाऊक असून तो गप्प राहिला. शिक्षा दोघांना सारखीच झाली. डोळ्यांची साक्ष अशी डळमळीत झालेली असताना श्रोत्यांना केवळ कानांवर विश्वास ठेवायचा होता.

तो ठेवण्याजोगा होता का? १९३० च्या दशकात अनेक निवेदक मैदानावर जातच नसत. तारेने येणाऱ्या त्रोटक संदेशांवरून ते स्टुडिओत बसून सामना रचत. आयोवातील तरुण निवेदक रोनाल्ड रेगन हे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. एकदा तार बंद पडली, तेव्हा ती पुन्हा सुरू होईपर्यंत आपण फलंदाजाला चेंडूमागून चेंडू सीमारेषेबाहेर टोलवायला लावले, हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. साहित्याच्या अभ्यासकाला हा अविश्वसनीय निवेदक परिचयाचा वाटेल.

रेड बार्बर यांची जातकुळी वेगळी होती. ब्रुकलिन डॉजर्स संघ कृष्णवर्णीय खेळाडू आणणार, हे कळल्यावर मिसिसिपीत जन्मलेल्या बार्बर यांच्या मनात नोकरी सोडण्याचा विचार आला होता. खेळाच्या सचोटीचे रखवालदार मानल्या गेलेल्या लँडिस यांच्या कारकिर्दीत, १९४४ पर्यंत, अशा एकाही खेळाडूला प्रमुख संघांत स्थान मिळाले नव्हते. बार्बर राहिले, आणि १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या खेळाचे वर्णन त्यांनी इतर कोणाही खेळाडूच्या खेळाप्रमाणेच केले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या विशाल यांकी स्टेडियममध्ये अवघे ४१३ प्रेक्षक होते. रिकामी आसने दाखवण्याची त्यांची सूचना कॅमेऱ्यामागच्यांनी मानली नाही. तेव्हा ती बातमी त्यांनी शब्दांत सांगितली. काही दिवसांतच त्यांचा करार संपवण्यात आला.

त्यांचे शिष्य व्हिन स्कली यांनी १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम डॉजर्सचे निवेदन केले. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात हँक एरनने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली गप्प राहिले. त्यांनी गर्दीचा जल्लोष श्रोत्यांच्या कानी पडू दिला. मग दक्षिणेत एका कृष्णवर्णीयाला लोक उभे राहून मानवंदना देत आहेत, या घटनेचे मोल त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले.

मे २०२५ मध्ये तेव्हाचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मृत्यूबरोबर बंदी संपते असा निर्णय देऊन जॅक्सनसह दिवंगतांची नावे बहिष्कृतांच्या यादीतून काढली. १९२१ चा निवाडा १०४ वर्षांनी असा बदलला. बार्बरनी सांगितलेला ४१३ चा आकडा मात्र कोणालाही दुरुस्त करावा लागलेला नाही.