मधली जोडी

मी पत्त्यांवर बोलणार आहे हे आमच्या अम्मीला कळलं असतं, तर तिनं रेडिओच बंद केला असता. आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव होता. जुगार हराम, आणि पत्ते म्हणजे जुगाराचा उंबरठा, असं तिचं सरळ गणित. त्यामुळे मी आयुष्यात कधी एक पैसाही लावला नाही. पाहिलं मात्र पुष्कळ. मोमिनपुऱ्यात आमच्या मामूंचे दोन हातमाग होते आणि त्यांची दोस्ती होती गोळीबार चौकाकडच्या कोष्टी विणकरांशी. दिवाळीच्या रात्री तिकडे सतरंजीवर तीन पत्ती रंगायची. मी मामूंच्या पाठीमागे बसून त्यांचे पत्ते बघायचो. वय असेल दहा-अकरा. चिवडा मिळायचा, जागरण करायला मिळायचं, आणि काही बोलायचं नाही एवढीच अट.

१९८० च्या आसपासची एक रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. सहा जण बसले होते. मामूंनी पत्ते उचलले: दोन अठ्ठ्या आणि एक चौकी. जोडी! फार मोठी नाही, अगदी लहानही नाही. मामूंनी चाल केली. कुणीतरी चाल दुप्पट केली. मामूंनी पुन्हा पैसे टाकले. एकेक जण पत्ते टाकून मागं सरकत गेला आणि शेवटी दोघं उरले. मामूंनी शो मागितला, तेव्हा समोरच्यानं दोन राण्या सतरंजीवर ठेवल्या. मामूंनी लावलेले पैसे सूत आणायचे होते. पुढचे कित्येक दिवस एक माग बंद राहिला आणि वर्षभरात तो विकला गेला.

अम्मी म्हणाली, 'जुगार खेळला, बुडाला.' मामूंचे दोस्त म्हणाले, 'पत्ताच पडला नाही, नशीब.' एकाच्या मते पाप, दुसऱ्यांच्या मते दैव. मामूंनी त्या अठ्ठ्या नीट खेळल्या की नाही, हे कुणी विचारलं नाही. मला मात्र तोच प्रश्न आजवर पुरला आहे.

पत्ता नशिबाचा की अकलेचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयातही गेला होता, आणि तिथं त्याचा निवाडा लिहिला तो आपल्या नागपूरच्या माणसानं. मोहम्मद हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे केंब्रिजला गेले, १९३० मध्ये परत येऊन इथंच वकिली सुरू केली, विद्यापीठात कायदा शिकवला, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले. सिव्हिल लाइन्समधली ती देखणी दगडी इमारत पाहिली की मला हटकून त्यांची आठवण येते. १९६८ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि नंतर उपराष्ट्रपती. त्यांचे वडील हाफिज विलायतुल्ला सरकारी अधिकारी होते, पण उर्दूत कविता लिहीत. कवीच्या घरातला माणूस म्हणून माझा त्यांच्यावर जरा जास्तच लोभ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सिकंदराबादच्या एका क्लबावर १९६३ मध्ये पोलिसांनी छापा घातला. तिथं पैसे लावून रमी चालली होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी निकाल दिला: रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ. कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं आणि कोणतं सोडायचं हे ठरवावं लागतं. वाटणीत नशीब असतं, पण तेवढं तर ब्रिजमध्येही असतं. क्लब पैशाच्या खेळातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्यांनी बजावलं. त्याच निकालात जाता जाता तीन पत्तीचा उल्लेख आला. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा हा खेळ निव्वळ नशिबाचा, असं ते म्हणून गेले.

इथं माझं त्यांच्याशी आदरपूर्वक भांडण आहे. पत्ते वाटेपर्यंत ते खरं. पण वाटल्यानंतर? तीन एक्के आले तर गाढवसुद्धा खेळेल. सत्ती, चौकी, दुर्री आली तर शहाणा पत्ते टाकेल. तिथं अकलेला कामच नसतं. अक्कल लागते ती मधल्या पत्त्यांना.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन, तेव्हा गणित ढोबळच सांगतो. ५२ पानांतून तीन-तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यातले १६,४४० हात फुटकळ, ज्यांत काहीच जुळत नाही. जोडीचे हात ३,७४४. जोडीच्या वरचे, म्हणजे रंग, क्रम, शुद्ध क्रम आणि ट्रेल, सगळे मिळून १,९१६. आता मामूंच्या अठ्ठ्यांना हरवणारे हात मोजा: हे १,९१६ आणि नव्वीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एकूण ३,६४४. म्हणजे शंभरात साधारण सोळा-सतरा. समोर एकच माणूस असेल तर मामू शंभरात त्र्याऐंशी वेळा पुढे. पण समोर पाच असतील तर त्या पाचांपैकी एकाकडंही वरचढ पत्ता नसण्याची शक्यता चाळिसाच्या आसपास येते. पत्ते तेच, जोडी तीच, आणि सतरंजीवर माणसं किती यावर ती बलवान की दुबळी हे ठरतं.

तीन पत्तीत आणखी एक अडचण आहे. तिथं पैसे टाका नाहीतर उठा. मधला मार्ग नाही. पोकरमध्ये तो आहे. त्याला 'चेक' म्हणतात: पैसे लावायचे नाहीत, पण डावात राहायचं. समोरच्यानं लावले तर मग बघायचं. म्हणून मधल्या जोडीचं काय करायचं, लावायचं की चेक करायचं, हा प्रश्न पोकरमध्ये खऱ्या अर्थानं उभा राहतो. त्यावर गणितज्ञांनी डोकं खाजवलं आहे. हंगेरीत जन्मलेला जॉन फॉन नॉयमान १९२८ पासून अशा खेळांच्या मागं होता आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यानं पोकरचा एक सोपा नमुना सोडवून दाखवला. त्याचं उत्तर ऐकून मी चकित झालो होतो. उत्तम पत्त्यावर पैसे लावा. अगदी टाकाऊ पत्त्यांपैकी काहींवरही लावा, कारण थाप मारल्याशिवाय ते जिंकूच शकत नाहीत. मधल्यावर मात्र थांबा. कारण मधल्या पत्त्यावर लावलंत तर तुमच्यापेक्षा हलका माणूस पळून जातो आणि भारी माणूस बसून राहतो. पैसे तुम्ही लावता आणि गिऱ्हाईक फक्त वरचढच मिळतं. मामूंच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

अर्थात तो नमुना झाला. खऱ्या लिमिट पोकरमध्ये, म्हणजे जिथं एका वेळी किती लावायचं ते ठरलेलं असतं तिथं, गोष्ट थोडी फिरते. पुढची पानं अजून उघडायची असतात. तुम्ही चेक केलंत तर समोरच्याला पुढचं पान फुकट बघायला मिळतं, आणि त्याच पानानं तो तुमच्या पुढे जाऊ शकतो. शिवाय मध्ये जमलेल्या रकमेपुढे ठरलेली बोली लहान दिसते, त्यामुळे हलका पत्ता घेऊनही माणसं बसून राहतात. तिथं मधली जोडी सुरुवातीला लावणंच पुष्कळदा बरं असतं. शेवटच्या फेरीत, पान यायचं उरलं नाही की, फॉन नॉयमानचा सल्ला पुन्हा खरा होऊ लागतो.

जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मंडळींनी दोन खेळाडूंचा लिमिट पोकर जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचं जाहीर केलं. ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस राबले. त्यातून निघालेल्या उत्तरात कित्येक ठिकाणी 'हो' किंवा 'नाही' नाहीच, प्रमाण आहे. हीच जोडी, हीच वेळ, तर इतक्या वेळा लावा, इतक्या वेळा थांबा. नेहमी एकच केलंत तर समोरचा तुम्हाला वाचून काढेल. दोनच माणसांच्या खेळाला एवढं लागलं. सतरंजीवर सहा होते.

मग पोकर कौशल्याचा ठरला का? आपल्याकडं त्यावर न्यायालयांचं एकमत नाही. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं तो जुगारच मानला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला, त्यात ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता हा वादच बाजूला ठेवला: खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून चालवायचा नाही. हिदायतुल्लांनी जपून आखलेली रेघ तिथं पुसली गेली. मला तिचं थोडं वाईट वाटलं आणि अम्मीची आठवण आली. तिनं ती रेघ कधी मानलीच नव्हती. मामूंचा माग विकला गेला तेव्हा त्या अठ्ठ्या शहाणपणानं खेळल्या होत्या की नाही, यानं मामींच्या चुलीला काय फरक पडणार होता?

मामू बरंच जगले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत एकदा मी कागद घेऊन हे सगळं त्यांच्यापुढे मांडलं. शंभरात चाळीस म्हटल्यावर ते जरा चिडले. म्हणाले, 'पण शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो ना? मग तुझेच त्र्याऐंशी!' मी म्हटलं, 'मामू, कुणाही एकाला उचलून समोर बसवलं तर त्र्याऐंशी. हा तर चाल दुप्पट करून, चौघं उठल्यावरही बसून राहिलेला माणूस होता.' ते गप्प झाले. मग विचारलं, 'कितव्या चालीला उठायला हवं होतं?'

'त्यानं दुप्पट केली, तेव्हाच.'

त्यांनी बोटांवर हिशेब केला. एकेक चाल, एकेक नोट. चाळीस वर्षांनंतरही त्यांना सगळ्या पाठ होत्या.

'म्हणजे सूत आलं असतं,' ते म्हणाले, आणि आत बघून चहाला सांगितलं.