काळ्या पडद्याची करामत

हिरव्या पडद्यापुढे उभे राहून चंद्रावर पोहोचण्याची किमया आज घरीही साधते. तिचे एक मूळ काळ्या पडद्यात आहे. पॅरिसचे जादूगार जॉर्ज मेलिएस यांना ल्युमिएर यांनी कॅमेरा विकला नाही. मग १८९६ मध्ये मेलिएस यांनी विकत घेतलेल्या प्रोजेक्टरचाच कॅमेरा बनवला. १८९८ च्या एका लघुपटात त्यांनी स्वतःचीच चार मुंडकी एकाच वेळी दाखवली. युक्ती साधी होती. काळ्या भागातून प्रकाश येत नाही, तेथे फिल्म कोरी राहते. ती मागे गुंडाळायची आणि कोऱ्या जागी दुसरे चित्र घ्यायचे! आज ती जागा संगणक हिरव्या रंगावरून ओळखतो. सुरकुती, सावली पडली की तो फसतो. म्हणून साधी हिरवी चादर चालेल; मात्र ती ताणून बांधावी, उजेड सारखा ठेवावा. मेलिएस यांच्याकडे तरी तयार साधने कुठे होती?