घाट म्हणजे डोंगर नव्हे

चौल-रेवदंड्याच्या आगरांतली एखादी म्हातारी ‘मुलगा घाटावर गेला’ असें म्हणते, तेव्हां तो डोंगरावर जाऊन बसला असें कोणी समजत नाहीं. तो पुण्यास, साताऱ्यास किंवा नगरास गेला, एवढाच त्याचा अर्थ. नदीच्या पाण्यांत उतरण्याच्या पायऱ्या तोहि घाट, आणि कोंकणांतून देशावर चढण्याची वाट तोहि घाट. चढउतार हा दोहोंचा समान धर्म. पर्वताचें नांव निराळें, सह्याद्रि.

मग सबंध रांगेला ‘पश्चिम घाट’ हें नांव पडलें कसें? उत्तर चौलसारख्या बंदरांतच शोधावें लागतें. टॉलेमीला हें बंदर ‘सिमुल्ला’ म्हणून ठाऊक होतें. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. सुमारें १४६९ सालीं अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी येथें उतरला आणि पालीवरून जुन्नरास गेला. अशा परक्या व्यापाऱ्याला शिखरांशीं काय कर्तव्य? माल वर कोठून चढेल, ही त्याची विवंचना. त्यानें वाट विचारावी आणि वाटाड्यानें घाटाचें नांव सांगावें, असेंच घडत असलें पाहिजे.

पोर्तुगीजांनीं १५१६ सालीं चौलास वखार घातली व १५२१ मध्यें किल्ला बांधावयास घेतला. त्यांचा इतिहासकार बार्रुश हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. तरी या पर्वताला स्वतःचें असें नांव नाहीं, लोक त्याला नुसतें ‘गाट’, म्हणजे पर्वतरांग, म्हणतात, असें त्यानें बेधडक लिहून ठेवलें. सह्याद्रीला नांव नाहीं! गोव्यास राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्यानेंहि १५६३ च्या आपल्या ग्रंथांत पर्वतालाच हा शब्द लावला. मौज अशी कीं, पोर्तुगीजांजवळ डोंगरासाठीं शब्दांची वाण नव्हती. चौलच्या खाडीपलीकडे कोर्लईची टेकडी समुद्रांत घुसली आहे. तिच्यावरचा किल्ला त्यांनीं १५९४ सालीं निजामशाहीकडून जिंकला आणि त्याला ‘मोर्रो द चौल’ म्हटलें. ‘मोर्रो’ म्हणजे सुटी, गोलसर टेकडी. १७४० मध्यें कोर्लई मराठ्यांच्या हातीं आली. ‘मोर्रो’ कागदांत राहिला.

‘घाट’ मात्र इंग्रजांच्या नकाशांवर चढला, पूर्व किनाऱ्याच्या तुटक डोंगरांनाहि चिकटला, आणि २०१२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत सह्याद्रीची नोंद ‘पश्चिम घाट’ अशीच झाली.

मुंबईंत ‘घाटी’ हा शब्द हेटाळणीचा झाला, ही त्याची आणखी एक दुर्दशा; मूळ अर्थ घाटावरून आलेला माणूस, इतकाच. बोरघाट, वरंधघाट, नाणेघाट हीं नांवें अद्याप वाटांचींच आहेत. जुन्नराकडून कोंकणांत उतरतांना नाणेघाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण दिसतो. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें परंपरा सांगते.