उंच बाउलचा पूर्वपक्ष

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याने बावधन, भूगाव मागे टाकले की भुकूम येते. इथल्या बंगल्यांतून लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड भेटतात. अंगण आहे, डोंगर जवळ आहे, मग कुत्राही मोठा हवा. सात-आठ वर्षांनी तो मागच्या पायांनी लंगडू लागला की सल्ला ठरलेला: ‘बाउल स्टुलावर ठेवा, पोटभर घाला, आणि ती स्नफल मॅटची थेरं बंद करा.’

स्नफल मॅट म्हणजे कापडी पट्ट्यांत दाणे लपवून ते कुत्र्याला हुंगत शोधायला लावणारी चटई. तिच्याविरुद्धचा हा पूर्वपक्ष दुबळा नाही. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार एरवीही पुढच्या पायांवर असतो. मान खाली घातली की तो आणखी पुढे सरकतो. कोपराचा सांधा झिजलेल्या जनावराला चार दाण्यांसाठी दहा मिनिटे तसे उभे करणे हा छळ नव्हे काय? शिवाय मॅट गुळगुळीत टाइल्सवर सरकते. आणि दुखणेकऱ्याने अन्नासाठी कष्ट का करावेत?

पण हे आक्षेप नेमके कोणावर आहेत? पहिला उभे राहण्यावर आहे. कुत्रा पोटावर बसून, कोपरे टेकून हुंगत खाऊ शकतो; तसे बसला की पायांवरचा भार उतरतो. दुसरा फरशीवर आहे. उठताना घसरणारा पाय मॅटविनाही घसरतोच. दोन्हींत मॅट निर्दोष सुटते.

आता ‘पोटभर घाला’. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे देत त्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला. २००२ साली निष्कर्ष छापले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, इतरांचे ११.२. संधिवाताचे दीर्घ उपचार निम्म्या कुत्र्यांना लागू लागले ते अनुक्रमे १३.३ आणि १०.३ व्या वर्षी. तीन वर्षांचा फरक, तोही केवळ ताटातून! पण कमी खाणे म्हणजे भुकेला कुत्रा, दीनवाणे डोळे आणि विरघळणारे मालक. मॅटचे खरे काम इथे आहे. बाउलमध्ये मिनिटभरात संपणारे मोजके खाणे ती लांबवते, आणि घरात पडून राहिलेल्या प्राण्याच्या नाकाला उद्योग देते. तिला कष्ट म्हणणाऱ्याने कुत्रा कधी गवत हुंगताना पाहिला नसावा.

उंच बाउलही निर्धोक नाही. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मोठ्या जातींत उंचावरचे खाणे आणि पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा विकार यांचा संबंध दिसला. त्यावर वाद आहे, हे मान्य. पण वादग्रस्त उपाय डोळे मिटून सुचवणारे मॅटकडून कोणत्या तोंडाने पुरावा मागतात?

मात्र कोणतीही मॅट चालेल असे मी म्हणत नाही. दुकानातल्या बहुतेक स्नफल मॅट लहान जातींच्या मापाच्या असतात. मोठ्या कुत्र्याला मान न वळवता मुस्कट फिरवता येईल एवढी रुंदी हवी, तळाला रबर हवे, आणि पट्ट्या ओढून गिळता येणार नाहीत इतक्या घट्ट. तिच्याखाली, कुत्र्याचे मागचे पायही मावतील अशी जाड रबरी शीट आधी अंथरावी. माझ्या मते मॅटपेक्षा ती महत्त्वाची. मुळशीच्या पावसाळ्यात आपले कपडे वाळत नाहीत, तिथे लाळेने भिजलेली कापडी मॅट काय वाळणार? बुरशी धरते. तेव्हा जून ते सप्टेंबर सिलिकॉनची लिक मॅट बरी: वर दही-भात किंवा उकडलेला लाल भोपळा. ज्याला बसणे-उठणेच जड जाते, त्याच्यासाठी सक्शनची लिक मॅट भिंतीला छातीच्या उंचीवर लावावी. पीनट बटर लावायचे तर डब्यावर झायलिटॉल नाही ना, ते वाचावे. कुत्र्याला ते विष आहे. आणि जे मॅटवर जाईल ते दिवसाच्या मोजलेल्या वाट्यातूनच. वरकड नव्हे.

निवाडा वाचकांनी करावा. फक्त त्याआधी आपल्या कुत्र्याच्या फासळ्यांवरून एकदा हात फिरवावा. दाबल्याशिवाय त्या हाताला लागत नसतील, तर स्टूल आधी बाजूला ठेवा.