खाजकुइलीतील डोपा : एका नाजूक रेणूची शंभर वर्षे

मळवली स्टेशनावरून भाजे गावामार्गे लोहगडवाडीकडे चढणाऱ्या वाटा असोत की मावळातले कोणतेही रान असो, पावसाळा सरल्यावर जाणती माणसे मुलांना एका वेलीपासून दूर ठेवतात. ती खाजकुइली. तिच्या वाकड्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव असते. ती कातडीला लागली की जीव नकोसा होतो. संस्कृतात तिला 'कपिकच्छू' म्हणतात, म्हणजे माकडालाही खाज आणणारी. 'आत्मगुप्ता', म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी, हेही तिचेच नाव.

खाज सुटते ती लवेतील म्युकुनेन या एन्झाइममुळे. शेंगेतील बियांमध्ये मात्र निराळाच पदार्थ असतो. त्याचे नाव एल-डोपा. बियांच्या वजनात तो साधारण ४ ते ६ टक्के असतो. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराच्या रुग्णाला हात हलवता यावा, पाऊल उचलता यावे म्हणून आज जगभर दिले जाणारे मुख्य औषध ते हेच. हा पदार्थ १९१३ सालीच शास्त्रज्ञांच्या हाती आला होता, पण रुग्णापर्यंत पोचायला त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी त्याचा स्वभाव पाहू.

आपल्या प्रथिनांत टायरोसिन नावाचे अमिनो आम्ल असते. त्याच्या बेंझिन कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट असतो. त्याच्या शेजारी आणखी एक हायड्रॉक्सिल गट बसला की डोपा तयार होतो. बदल एवढासाच, पण त्यामुळे रेणू फार हळवा होतो. शेजारशेजारच्या या दोन गटांचे हवेतील ऑक्सिजनमुळे सहज ऑक्सिडीभवन होते. कोरडी, शुद्ध डोपाची पूड पांढरी असते आणि टिकते. पाण्यात ती फारशी विरघळत नाही, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र चांगली विरघळते. द्रावण अल्कधर्मी झाले की ते गुलाबी, मग तपकिरी आणि शेवटी काळे पडते. हा काळा पदार्थ म्हणजे मेलॅनिन. आपल्या केसांना काळा रंग देणारे रंगद्रव्यही याच जातीचे. म्हणून प्रयोगशाळेत डोपाची बाटली घट्ट बंद करून अंधारात, कोरड्या जागी ठेवतात. द्रावण आम्लात करतात आणि लागेल तेवढेच ताजे करतात. बियांतून डोपा काढतानाही आम्लयुक्त पाणीच वापरतात.

बाझेलच्या हॉफमन-ला रोश कंपनीतील मार्कुस गुगेनहाइम यांनी १९१३ साली बाकल्याच्या शेंगांतून एल-डोपा वेगळा केला. त्यांनी स्वतः अडीच ग्रॅम पूड खाऊन पाहिली. त्यांना जोराची उलटी झाली. सशांवर विशेष परिणाम दिसला नाही. डोपा औषधाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला. १९३७ साली मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेतील एम. दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून तोच पदार्थ वेगळा करून 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. याच दामोदरन यांचे नाव पुढे १९५६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून निघालेल्या, बुरशीच्या एन्झाइमावरील निबंधावरही आढळते.

शुद्ध पदार्थ हाती होता, पण तो शरीरात काय करतो हे कळायचे होते. १९३८ साली जर्मनीत पेटर होल्ट्झ यांना एक एन्झाइम सापडले. ते डोपामधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि डोपामिन बनवते. तरीही डोपामिन ही केवळ मधली पायरी समजली जाई. हा समज ढळायला दुसरी एक भारतीय वनस्पती कारण झाली. सर्पगंधेचा रक्तदाबावर उपयोग होतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन सशांना निश्चल केले आणि मग डोपा टोचला. थोड्याच वेळात ससे हालचाल करू लागले. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे दाखवले.

मग सरळ डोपामिनच का देऊ नये? कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, डोपा शिरू शकतो. पण तोंडावाटे घेतलेला बहुतेक डोपा वाटेतच, मेंदूबाहेर, डोपामिन बनून जातो आणि उलटी होते. गुगेनहाइम यांना झालेली उलटी ती हीच. म्हणजे बाटलीत डोपाला हवेपासून जपावे लागते, तर शरीरात एन्झाइमपासून.

अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ साली रुग्णांना थोड्या मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू ती दिवसाला १६ ग्रॅमपर्यंत नेली. अनेकांच्या हालचाली लक्षणीय सुधारल्या. मात्र त्यांनी वापरलेला डोपा संमिश्र होता. त्यात उजव्या-डाव्या हातासारखी एकमेकांची आरसाप्रतिमा असलेली, 'एल' आणि 'डी' ही दोन्ही रूपे होती. काही रुग्णांत पांढऱ्या पेशी कमी झाल्या. मग केवळ 'एल' रूप वापरले गेले. निव्वळ हेच रूप कारखान्यात बनवण्याची पद्धत विल्यम नोल्स यांनी काढली आणि त्यांना २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कार्लसन यांना ते आदल्याच वर्षी मिळाले होते. १९७०च्या दशकात कार्बिडोपा हे जोडीदार औषध आले. ते मेंदूबाहेरच्या एन्झाइमला अडवते, त्यामुळे डोपाची मात्रा सुमारे तीन-चतुर्थांशाने घटवता आली.

खाजकुइलीही मागे राहिली नाही. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी तिच्या बियांचा कंपवातावरील उपयोग १९७८ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया'त मांडला. १९९५ साली एचपी-२०० या बियांच्या चूर्णाची ६० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवरील तुलनेत चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर दिसला. पण ८ ही संख्या लहान आहे. शिवाय डोपा लक्षणे आवरतो, रोग थांबवत नाही. आणि बीभर औषध म्हणजे नेमके किती, हे बीगणिक बदलते. डॉक्टरांच्या देखरेखीविना बिया खाणे धोक्याचे आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

वर्गात खाजकुइली आणण्याचीही गरज नाही. कच्चा बटाटा किसून त्याचा रस तीन परीक्षानळ्यांत घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीत रस पिळल्याबरोबर लिंबाचा भरपूर रस घाला, तिसरी लगेच उकळत्या पाण्यात धरा. अर्ध्या तासाने पाहा. पहिल्या नळीतील रस आधी गुलाबीसर आणि मग काळपट होतो. तेथे बटाट्यातील एन्झाइम टायरोसिनपासून डोपा आणि डोपापासून मेलॅनिन बनवत असते. उरलेल्या दोन नळ्यांत हा रंग का चढला नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. आम्लाचे आणि उष्णतेचे काम वेगवेगळे असते, हे त्यांना ध्यानात आले म्हणजे डोपाच्या बाटलीवरील सूचनाही त्यांना आपोआप उमजतील.