विषाचं अन्न : फिनॉल, नायट्रोजन आणि टाक्यांचा क्रम

तत्त्वज्ञानाच्या माणसाने सांडपाण्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण ‘विष म्हणजे काय?’ हा प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे. विषारीपणा हा पदार्थाचा गुण, की पदार्थ आणि परिस्थिती यांच्यातलं नातं? योजना नीट असेल तर तीव्र विषही उत्तम औषध होतं, असं चरकसंहिता सांगते. कोकभट्टीच्या सांडपाण्याचा इतिहास हा त्याचा चांगला दाखला आहे.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू. पोलादाच्या झोतभट्टीला कोक लागतो. कोक म्हणजे हवा लागू न देता सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजलेला दगडी कोळसा. भाजताना निघणारा वायू थंड करून धुतला, की पाण्यात अमोनिया, फिनॉल, सायनाइड, थायोसायनेट असं सगळं उतरतं. यातलं फिनॉल रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये कोळशाच्या डांबरातून वेगळं काढलं. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने ते जखमेवर वापरलं. त्याला हे सुचलं कशावरून? कार्लाइल गावच्या सांडपाण्यावर हेच द्रव्य वापरतात, हे त्याला कळलं होतं. म्हणजे फिनॉलची सारी कीर्ती जंतू मारण्याची. मग फिनॉलच्या पाण्यात जंतूंकडूनच काम करून घ्यायचं कसं?

आता नायट्रोजनची बाजू. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश सोडलं. पहिले वीसेक दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम थांबलं. निष्कर्ष असा, की हे काम जिवंत घटकाचं आहे. १८९० मध्ये विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. पुढे १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी पाण्यात हवा खेळवली. पहिल्या खेपेला नायट्रीकरण पुरं व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही, पुढच्या पाण्यात तोच ठेवला. असं करत करत काम एका दिवसाच्या आत आलं. नायट्रीकरण करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांना राखावं लागतं, हा धडा तिथे मिळाला.

इथेच कोकभट्टीच्या पाण्याची अडचण आहे. फिनॉल खाणारे जिवाणू चपळ, अमोनियावर जगणारे मंद आणि नाजूक. फिनॉल त्यांच्यापर्यंत पोचलं, की त्यांचं काम बंद पडतं.

पण समाजाचं लक्ष आधी गेलं ते फिनॉलकडे. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घातलं, की फिनॉलचा अगदी सूक्ष्म अंशही औषधी चव देतो, आणि जीभ तक्रार करते. जर्मनीच्या रूर खोऱ्यात १९२० च्या दशकात कोकभट्ट्यांच्या पाण्यातून फिनॉल काढून घेण्याची यंत्रणा उभी राहिली. अमोनियाबद्दल मात्र तेवढी ओरड झाली नाही. त्याने मासे मरतात. पण माशांना तक्रार करता येत नाही.

अमोनियाचं नायट्रेट झालं म्हणजे तरी नायट्रोजन गेला का? नाही, त्याने नुसतं रूप बदललं. तो हवेत परत पाठवायचा तर ऑक्सिजन नसलेल्या टाकीत नायट्रेट ‘श्वसणारे’ जिवाणू हवेत, आणि त्यांना अन्न हवं. सरळ विचार असा, की आधी नायट्रीकरण, मग विनायट्रीकरण. पण तोवर पाण्यातलं अन्न संपलेलं असतं. बाहेरून मिथेनॉल विकत आणून घालावं लागतं. १९६२ मध्ये लुडझॅक आणि एटिंगर यांनी अमेरिकेत क्रम उलटा केला: ऑक्सिजनविरहित टाकी आधी. दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी १९७० च्या दशकात हवेच्या टाकीतलं नायट्रेटयुक्त पाणी मागे फिरवण्याची रीत पक्की केली.

ही रचना कोकभट्टीच्या पाण्याला लावली, की चित्र पालटतं. पहिल्या टाकीत ताजं फिनॉल आणि परत आलेलं नायट्रेट भेटतात. ऑक्सिजन नसताना, नायट्रेटच्या जोरावर फिनॉल पचवणारे जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचं जर्मन संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. हिशेब बघा: ५ रेणू फिनॉल २८ नायट्रेट संपवू शकतं, म्हणजे १ ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनला सुमारे १.२ ग्रॅम फिनॉल. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण जिवाणूंना स्वतःचं शरीरही वाढवायचं असतं. येणाऱ्या पाण्याच्या चौपट पाणी मागे फिरवलं, तर फिनॉल पाचपट विरळ होतं. दुसऱ्या टाकीत पोचतं ते पाणी फिनॉलमुक्त. नाजूक मंडळींना तिथे निर्धास्त काम करता येतं.

अर्थात ही जादू नव्हे. चौपट पाणी फिरवूनही नायट्रोजन जास्तीत जास्त ८० टक्के जातो. अमोनिया फार असेल तर तो आधी वाफेने काढावा लागतो, आणि सायनाइड वाढलं तर सगळाच कारभार कोलमडतो.

आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला फिनॉल १ मिलिग्रॅम आणि अमोनियाचा नायट्रोजन ५० मिलिग्रॅम अशी आहे. स्वच्छ पाणी मिसळून आकडा गाठला, तर कागद स्वच्छ होतो. नदीत जाणारा नायट्रोजन तेवढाच राहतो.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तेच फिनॉल एका टाकीत अन्न आहे, दुसऱ्या टाकीत विष. रेणू बदललेला नाही, जागा बदलली आहे. म्हणून कारखान्याला ‘तुम्ही काय सोडता?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कुठे, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या पुढ्यात?’ हेही विचारावं लागतं. आज इथेच थांबतो.